चाक फिरते, गाडी जागेवरच

घर्षणाचा धडा शिकवताना फळ्यावर एक वाक्य लिहावेच लागते : 'घर्षण बल हे एकमेकांना टेकलेल्या पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते.' लाकडाचा ठोकळा आडवा ठेवून ओढा किंवा उभा ठेवून ओढा, ताणकाट्यावर आकडा जवळजवळ तोच येतो. प्रयोग सोपा, निष्कर्ष नेमका, आणि परीक्षेत एक गुण हमखास. आमच्यातल्या एकाच्या वर्गात हे वाक्य लिहून झाले आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर एवढे रुंद कशाला असतात?"

"मजबुतीसाठी," असे उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण मुलगा बसला नाही. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. गाडी जागेवर उभी, मागची चाके मात्र भरारा फिरताहेत, पांढऱ्या धुराचे लोट उठताहेत आणि रस्त्यावर दोन काळे पट्टे. "एवढा धूर निघतो, म्हणजे टायर किती झिजत असेल?" हा त्याचा दुसरा प्रश्न. त्यावर 'खूप' याखेरीज आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि 'खूप' हे काही विज्ञानाच्या तासाला शोभणारे उत्तर नव्हे.

शिक्षकांच्या खोलीत बसून दोन्ही प्रश्नांचा विचार करू लागलो, तेव्हा हे दोन नव्हेत, एकच प्रश्न आहे असे हळूहळू लक्षात आले. आणि फळ्यावरचे ते वाक्य रबराच्या बाबतीत चक्क खोटे ठरते, हेही.

चाकाचे पाऊल

त्या चित्रफितीतल्या प्रकाराला मोटारशौकिनांच्या भाषेत 'बर्नआउट' म्हणतात. तो समजून घ्यायचा तर आधी साधे, सरळ चालणारे चाक समजायला हवे. इथेच बहुतेकांची पहिली गफलत होते. चाक रस्त्यावर घासत जाते असे आपल्याला वाटते. पण नीट चालणारे चाक घासत नाही. ज्या क्षणी टायरचा एखादा ठिपका रस्त्याला टेकतो, त्या क्षणी तो रस्त्याच्या मानाने स्थिर असतो. गाडी ताशी ८० किमी वेगाने जात असली तरी! आपण चालतो तेव्हा शरीर पुढे जाते, पण टेकलेले पाऊल जागेवरच असते ना, तसेच. चाक म्हणजे अगणित पावले एका वर्तुळात बसवलेली.

मुलांना हे पटत नाही, आणि नुसत्या सांगण्यावर त्यांनी विश्वास ठेवूही नये. शाळेच्या व्हरांड्यात रांगोळीचा पातळ थर पसरा आणि त्यावरून सायकल हळू ढकलत न्या. टायरच्या नक्षीचा ठसा अगदी शिक्का मारल्यासारखा स्पष्ट उमटतो. आता मागचा ब्रेक आवळून धरा आणि सायकल तशीच पुढे रेटा. ठसा नाहीसा होऊन नुसता फराटा उमटतो. पहिल्या खेपेस टायर रांगोळीवर टेकला आणि उचलला गेला, दुसऱ्या खेपेस घसरला. पहिल्यात काम करते ते स्थितिक घर्षण, दुसऱ्यात गतिक घर्षण.

(ठसा अगदी शंभर टक्के अचूक नसतो. टायर लवचीक असल्याने गाडीने वेग घेताना, ब्रेक लावताना, वळताना तो किंचित सरकतोच. त्या किंचित सरकण्यातूनच रोजची झीज होते. ती किती, ते पुढे पाहू.)

बर्नआउटमध्ये नेमके उलटे घडवले जाते. मागच्या चाकांना इंजिनाची ओढ असलेली गाडी घ्यायची, ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागेल अशी व्यवस्था करायची आणि इंजिनाला भरपूर इंधन द्यायचे. पुढची चाके गाडी धरून ठेवतात. मागच्या चाकांना इंजिन इतक्या जोराने फिरवू पाहते, की स्थितिक घर्षणाची मर्यादा ओलांडली जाते आणि ती जागच्या जागी घसरत फिरू लागतात. ब्रेक लावलेली सायकल पुढे सरकत होती आणि चाक फिरत नव्हते. इथे चाक फिरते आणि गाडी सरकत नाही. फराटा मात्र दोन्हीकडे सारखाच.

शर्यतीआधीचा धूर

हा निव्वळ हुल्लडपणा आहे, असे आम्हीही समजत होतो. पुष्कळदा तो असतोही. ऑस्ट्रेलियात तर त्याच्याच स्पर्धा होतात. कॅनबेरा शहरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'समरनॅट्स' नावाचा मोटारींचा मेळावा सुरू झाला, त्यात बर्नआउट हे मोठे आकर्षण असते. धूर जितका दाट तितके बरे, आणि शेवटी टायर फुटला तर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण या प्रकाराला मान मिळाला तो अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये, आणि तिथे त्याला कारण आहे.

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रस्त्यावर, थांबलेल्या स्थितीतून, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर अंतर कमीत कमी वेळात कापण्याची शर्यत. आता नववीच्या मुलांना एक गणित घालू. सपाट रस्त्यावर गाडीला पुढे ढकलणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातूनच मिळते. घर्षण गुणांक जास्तीत जास्त १ आहे असे मानू. म्हणजे गाडीचे सगळे वजन मागच्या चाकांवर आले तरी घर्षण बल वजनापेक्षा जास्त होणार नाही आणि त्वरण g पेक्षा, म्हणजे ९.८ मी/से² पेक्षा, जास्त होणार नाही. s = ½at² या सूत्रात ४०२ आणि ९.८ घातले की t येतो ९ सेकंद. इंजिन कितीही ताकदवान असो, ९ सेकंदांच्या आत पाव मैल अशक्य! अखेरचा वेगही ताशी ३२० किमी, म्हणजे सुमारे २०० मैल, याच्या वर जाऊ नये.

प्रत्यक्षात काय झाले? १९६४ साली डॉन गार्लिट्स या चालकाने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला, आणि तोही आठ सेकंदांच्या आत. २००६ साली टोनी शूमाकरने पाव मैल ४.४३ सेकंदांत कापला. हाच आकडा सूत्रात उलटा घालून पाहा. सरासरी त्वरण येते ४१ मी/से², म्हणजे g च्या चौपटीहून थोडे जास्त. (२००८ मध्ये एका जीवघेण्या अपघातानंतर सर्वांत वेगवान गाड्यांची शर्यत १००० फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणली गेली.) वेग वाढल्यावर मागचा पंखा हवेच्या जोराने गाडीला खाली दाबतो, त्याचा वाटा यात मोठा आहे हे खरे. पण सुटतानाच्या पहिल्या क्षणी, पंख्याला हवा लागण्याआधीही, त्वरण g पेक्षा पुष्कळ अधिक असते. घर्षण गुणांक १ पेक्षा जास्त असू शकत नाही, असे कुठल्याही नियमात म्हटलेले नाही. ती आपली सवय आहे, कारण पुस्तकातल्या तक्त्यात लाकूड, लोखंड, काच यांचेच आकडे असतात.

या गाड्यांचे मागचे टायर सुमारे ३६ इंच उंच आणि सतरा-अठरा इंच रुंद असतात. त्यांवर नक्षी नसते, रबर अतिशय मऊ असते आणि हवेचा दाब इतका कमी, की गाडी सुटताना टायरच्या बाजूंना अक्षरशः सुरकुत्या पडतात. शर्यतीपूर्वी चालक चाके एका ओल्या पट्ट्यावर आणतो. पाण्यावर ती सहज घसरू लागतात. मग पाणी उडून जाते, टायर तापतो आणि धूर निघू लागतो. (पूर्वी पाण्याऐवजी कपडे धुण्याचे ब्लीच वापरत, म्हणून त्या जागेला कित्येक वर्षे 'ब्लीच बॉक्स' म्हणत.) काही सेकंदांच्या या धुरात तीन कामे होतात : टायरला चिकटलेली धूळ-खडी निघून जाते, वरचा थर तापून चिकट होतो आणि सुरुवातीच्या रेषेजवळ रस्त्यावर रबराचा थर बसतो. त्याच थरावरून गाडी सुटते. रबरावर रबर.

म्हणजे टायर झिजवला, की त्याची पकड वाढते! मुलाच्या दोन्ही प्रश्नांची गाठ इथे आहे.

फळ्यावरचे वाक्य कुठे अडखळते

१६९९ मध्ये आमोंतों याने घर्षणाचे नियम मांडले आणि पुढे १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात कूलोमने (होय, विद्युतप्रभाराचा नियम सांगणारा तोच) ते पक्के केले. त्यांच्यासमोर होते लाकूड आणि धातू. असे कठीण पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तर डोळ्यांना ते पूर्ण टेकलेले दिसतात, पण सूक्ष्म पातळीवर फक्त उंचवट्यांची टोके एकमेकांना भिडलेली असतात. खरा स्पर्श फारच थोड्या जागी होतो. भार दुप्पट केला की खऱ्या स्पर्शाचे क्षेत्रही जवळपास दुप्पट होते. ठोकळा आडवा ठेवला काय किंवा उभा, भार तोच, म्हणून खरा स्पर्श तेवढाच आणि घर्षणही तेवढेच. वाक्य बरोबर आहे, पण ते कठीण पदार्थांचे वाक्य आहे.

रबर खडीच्या फटींत शिरून बसते. थोड्याशा भाराने त्याचा पुष्कळसा भाग रस्त्याला भिडतो. मग भार दुप्पट केला तरी खरा स्पर्श दुप्पट होत नाही, कारण भिडायला शिल्लक भाग कमी उरलेला असतो. म्हणून तोच भार अधिक जागेवर पसरला, तर रबराची पकड वाढते. क्षेत्रफळाचा संबंध येतो!

शिवाय रबर दोन निरनिराळ्या मार्गांनी धरून ठेवते. एक, त्याचे लांबलचक रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, ताणले जातात, सुटतात, पुन्हा चिकटतात. दोन, खडीचा दाणा रबरात रुतून पुढे सरकला की मागे झालेला खळगा लगेच भरून येत नाही, आणि त्या आळसात ऊर्जा खर्ची पडते. रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागतो. तो सैल सोडून परत लावा, गार लागतो. पण दहा-वीस वेळा भराभर ताणला-सोडला, की थोडी ऊब मागे उरतेच. तीच ही खर्ची पडलेली ऊर्जा. हे दोन्ही मार्ग तापमानावर आणि घसरण्याच्या वेगावर अवलंबून असतात, हे ग्रॉश या संशोधकाने १९६३ मध्ये मोजून दाखवले. गार रबर ताठर असते, पकड कमी. फार तापले तर बुळबुळीत होते, पकड पुन्हा कमी. मधल्या एका तापमानाला पकड सर्वांत जास्त. ड्रॅग रेसिंगचा चालक धूर काढून हेच तापमान गाठत असतो.

इथे एक खाच आहे, ती सांगितलीच पाहिजे. हवा भरलेल्या टायरचे क्षेत्रफळ मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवरून ठरते. दाब तोच ठेवून नुसता रुंद टायर बसवला, तर जमिनीला टेकणारा भाग फारसा मोठा होत नाही. लांबोडका होता तो आखूड आणि रुंद होतो. मग रुंदीचा उपयोग काय? रुंद टायरवर एकूण रबर जास्त असते. उष्णता आणि झीज जास्त रबरावर वाटली जाते. त्यामुळे अधिक मऊ, अधिक चिकट, म्हणजेच लवकर झिजणारे रबर वापरण्याची चैन परवडते. 'मजबुतीसाठी' हे आमचे उत्तर अगदीच टाकाऊ नव्हते तर! पण ते चुकून बरोबर आले होते, आणि तसे उत्तर आपण मुलांच्या वहीत बरोबर धरत नाही.

दहा सेकंदांचा हिशेब

आता झिजेकडे येऊ. आधी रोजच्या गाडीचा हिशेब. नव्या टायरवरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, ती १.६ मिमी उरली की टायर बदलायचा. म्हणजे झिजायला मिळतात ६.४ मिमी. असा टायर ४०,००० किमी चालला असे धरू. चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर, तेव्हा एकूण फेरे झाले दोन कोटींच्या वर. ६.४ मिमीला दोन कोटी दहा लाखांनी भागा. एका फेऱ्याला झीज येते ०.३ नॅनोमीटर. रबराच्या रेणूत शेजारच्या दोन कार्बन अणूंमध्ये ०.१५ नॅनोमीटर अंतर असते. म्हणजे टायर एका फेऱ्यात सरासरी एखाद-दोन अणूंच्या जाडीइतका झिजतो! (अर्थात रबर अणू-अणूने सुटत नाही. एखाद्या जागचा कण सुटतो, बाकीची जागा शाबूत राहते. सरासरी मात्र हीच.) हे गणित वर्गात केले, तेव्हा मुले पुन्हा पुन्हा शून्ये मोजत होती.

बर्नआउटसाठी १००० किलोग्रॅमची छोटी गाडी घेऊ. निम्मा भार मागच्या चाकांवर, म्हणजे सुमारे ५००० न्यूटन. गतिक घर्षण गुणांक ०.७ धरला तर घर्षण बल ३५०० न्यूटन. चाकांपर्यंत ४० किलोवॅट शक्ती पोचते असे मानू. शक्ती भागिले बल म्हणजे घसरण्याचा वेग : सुमारे ११.४ मीटर दर सेकंदाला. दहा सेकंदांत टायर ११४ मीटर घासला जाईल, म्हणजे ६० फेरे. आणि ऊर्जा? ४०,००० गुणिले १०, म्हणजे चार लाख ज्यूल. गाडी जागची हललेली नाही, त्यामुळे ही जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून अधिक पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल, तेही दहा सेकंदांत.

यातली निम्मी उष्णता रस्त्याने घेतली असे धरू. उरलेली दोन लाख ज्यूल दोन टायरांत. रबर उष्णतेचे दुर्वाहक. दहा सेकंदांत उष्णता त्यात जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. एक मिमी जाडीचा थर, घेर १.९ मीटर, रुंदी १७ सेंटिमीटर; दोन टायरांचे मिळून असे रबर भरते सुमारे ०.७ किलोग्रॅम. एक किलो रबर एका अंशाने तापवायला साधारण २००० ज्यूल लागतात. उत्तर येते : तापमान १४० अंशांहून अधिक वाढेल, म्हणजे १७० ते १८० अंश सेल्सिअसला पोचेल. आणि हे पूर्ण थराचे सरासरी तापमान. अगदी वरचा पापुद्रा याहून पुष्कळ तापतो. सारे आकडे ढोबळ आहेत, पण धूर का निघतो ते सांगायला पुरेसे आहेत.

'रबर वितळते' असे सर्रास म्हटले जाते. टायरचे रबर वितळत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला रबरात गंधक मिसळून तापवण्याची युक्ती सापडली. गंधकाचे अणू रबराच्या लांब साखळ्यांना जागोजागी पुलांसारखे जोडतात आणि सारा गोळा एकसंध जाळे होतो. इडली वाफवली की तिचे पुन्हा पीठ होत नाही, तसेच हे. फार तापवले तर हे पूल आणि साखळ्या तुटतात, आणि उरतो काळा, चिकट लगदा. तोच रस्त्यावर पट्टा होऊन बसतो. रबरात मिसळलेली तेले आणि तुटलेल्या साखळ्यांचे तुकडे वाफ होऊन उडतात आणि बाहेरच्या हवेत थंड होऊन त्यांचे बारीक थेंब बनतात. पांढरा धूर म्हणजे मुख्यतः हे थेंब. तेल फार तापलेल्या कढईतून उठतो त्याच जातीचा, पण छातीत ओढून घेऊ नये असा.

चिकट न झालेले रबर कसे सुटते, ते मात्र प्रत्येक दप्तरात पाहायला मिळते. खोडरबर घ्या आणि कागदावर एकाच दिशेने जोराने घासा. भिंगातून त्याची घासलेली बाजू पाहा. घासण्याच्या दिशेला आडव्या, एकामागून एक बारीक लाटा दिसतील. प्रत्येक लाटेची कड मागे मुडपते, ताणली जाते आणि शेवटी तुटून वळकटी होऊन बाहेर पडते. आपण वहीवरून फुंकून टाकतो त्या याच वळकट्या. शालामाख या संशोधकाने १९५० च्या दशकात रबराच्या या लाटांचा बारकाईने अभ्यास केला. बर्नआउट केलेल्या टायरवर त्याच लाटा उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि शर्यतीच्या रस्त्याकडेला त्याच वळकट्या पडलेल्या असतात.

मुलाच्या प्रश्नाला आता आकडा देता येतो. समजा, दहा सेकंदांत अर्धा मिमी रबर गेले. ६० फेऱ्यांत अर्धा मिमी, म्हणजे एका फेऱ्याला आठ हजार नॅनोमीटर. रोजच्या चालीच्या पंचवीस-तीस हजार पट! नेहमीच्या वापरात तेवढे रबर जायला ३००० किमी लागले असते. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत येण्याइतका प्रवास, एका जागी उभ्या-उभ्या. स्पर्धेतली मंडळी तर मिनिट-दोन मिनिटांत टायर पार संपवतात.

चिखलात रुतलेले चाक

आमच्या गावाकडे कोणी बर्नआउट करत नाही. पण पावसाळ्यात जीप चिखलात रुतते, चालक गाडी रेटतो, एक चाक गरागरा फिरते आणि आठ-दहा जण मागून ढकलत असतात. हेही बर्नआउटच, फक्त ओले. आणि यात एक फसवणूक दडलेली आहे. दोन मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून ते बसवलेले असते. ते चाकांच्या गतीची सरासरी सांभाळते. त्यामुळे एक चाक थांबलेले असेल, तर दुसरे वेगदर्शकावरच्या आकड्याच्या दुप्पट वेगाने फिरते. काटा ५५ दाखवतो तेव्हा चिखलातले चाक ताशी ११० च्या गतीने फिरत असते. अशा चाकाच्या घेरावरचे अभिकेंद्री त्वरण v²/r या सूत्राने काढा, r ०.३ मीटर धरला तर ते g च्या तीनशे पटींहून अधिक येते. नक्षीचा १०० ग्रॅमचा तुकडा ३० किलोच्या ओझ्याइतक्या जोराने बाहेर खेचला जात असतो. वर टायर तापलेला. टायर बनवणारे काटा ५५ च्या पुढे नेऊन रुतलेले चाक फिरवू नका असे बजावतात ते यासाठी, आणि फिरत्या चाकाच्या मागे कोणी उभे राहू नये तेही यासाठीच. आमच्या वर्गातली निम्मी मुले कधी ना कधी त्या जागी उभी राहिलेली आहेत.

झिजलेले रबर जाते कुठे, हा प्रश्न एका मुलीने विचारला. हिशेब करून पाहिले : एक टायर आयुष्यभरात एक-दीड किलो रबर रस्त्यावर सोडून जातो. गाडीचे चार टायर आणि देशातल्या गाड्या यांचा गुणाकार मुलांनीच करावा. बर्नआउटचा वाटा यात नगण्य; न दिसणारी, अणूच्या जाडीची झीजच खरी मोठी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ओढ्यांत अंडी घालायला परतणारे कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडला की काही तासांतच मरत. पुष्कळ वर्षे कारण कळेना. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या शास्त्रज्ञांनी ते प्रसिद्ध केले. हवेतल्या ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये '६पीपीडी' नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचे '६पीपीडी-क्विनोन' होते आणि टायरच्या धुळीतून पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरते. कोहोला ते अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. टायर टिकावा म्हणून घातलेले रसायन, आणि ते झिजेबरोबर बाहेर पडणार हे ओघानेच आले. त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू झाले.

आमच्या शाळेत मुलांना आणणारी एक टेम्पो ट्रॅक्स आहे. प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरच्या मागून बाहेर येणारी खोली मोजायची पट्टी आम्ही आजवर कधी वापरलीच नव्हती. ती आता दर महिन्याच्या एक तारखेला या गाडीच्या टायरच्या खाचेत जाते. मुले खडूने खूण केलेल्या त्याच तीन जागी मोजतात, सरासरी काढतात आणि शेजारी किलोमीटरचा आकडा लिहितात. पहिल्या महिन्यात फरक मोजण्याच्या चुकीपेक्षा कमी आला आणि वर्ग हिरमुसला. तिसऱ्या महिन्याला अर्धा मिमी भरला. मागचा डावा टायर उजव्यापेक्षा जास्त झिजतो आहे असे दिसते, आणि का, यावरून वर्गात सध्या दोन तट पडले आहेत.